चोचीचा पुरावा आणि हुरड्याचा दाणा

चोच बघून पाखराचा आहार सांगण्याची रीत शाळेच्या पुस्तकापासून सुरू होते. वाकडी चोच मांस फाडणाऱ्याची, लांब चोच चिखलात खुपसणाऱ्याची, आखूड जाड चोच दाणे टिपणाऱ्याची. जोड्या जुळवल्या की गुण मिळतात. यातली शेवटची जोडी पुढे जन्मभर डोक्यात राहते आणि तिच्यावर भिस्त ठेवून वेगवेगळी माणसे वेगवेगळे निर्णय घेतात. दक्षिण सोलापुरातल्या होटगीचा ज्वारीवाला शेतकरी म्हणतो, ही पाखरे माझ्याच कणसांवर जगतात. सोलापूर शहरात झेब्रा फिंचची जोडी पाळणारा हौशी म्हणतो, राळा आणि पाणी ठेवले की काम झाले. आणि २० मार्चला, २०१० पासून साजरा होणाऱ्या चिमणी दिनाला, गच्चीवर मूठभर तांदूळ टाकणाऱ्या काकू म्हणतात, आता चिमण्या वाचतील. पहिला चिडलेला, दुसरा हौशी, तिसऱ्या दयाळू. समजूत मात्र तिघांची एकच: ही दाण्याची पाखरे, यांना दाणा मिळाला की पुरे.

ही समजूत साफ खोटी असती तर तिचे खंडन दोन वाक्यांत झाले असते. ती अर्धी खरी आहे, म्हणून जरा बैजवार बोलावे लागते.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू. मुनियांचा थवा गवतावर उतरला की तो बी सोडून दुसरे फारसे काही खाताना दिसत नाही, हे कोणीही पाहू शकतो. जाड त्रिकोणी चोच, आतल्या कडांत दाणा पकडायची सोय, जिभेने दाणा फिरवून त्याचे टरफल बाजूला टाकण्याची सफाई, आणि पोटात दळायला मजबूत पेषणी. ही सगळी यंत्रसामग्री बियांसाठीच आहे, हेही खरे. भारीट पक्ष्यांचे थवे हिवाळ्यात दख्खनच्या ज्वारीत उतरतात आणि कणसे झोडपतात, हेही खरे. गोफण, पत्र्याचा डबा आणि शेतातला माळा हे काही शेतकऱ्याच्या कल्पनेतून आलेले नाहीत. शिवाय वाळलेल्या राळ्यावर पिंजऱ्यातली पाखरे महिनोन् महिने जगतात, हा अनुभव आहे. इतका पुरावा हाती असताना वाद कशाला?

वाद दोन ठिकाणी आहे. चोच हा नेमका कशाचा पुरावा, हा पहिला. आणि ‘दाणा’ ही एकच वस्तू आहे असे आपण धरून चाललो आहोत, हा दुसरा, आणि माझ्या मते मोठा.

त्याआधी एक गोंधळ बाजूला करावा लागेल. इंग्रजी पुस्तकांतले ‘फिंच’ हे नाव निदान चार-पाच वेगळ्या कुळांना लावलेले आहे. खऱ्या फिंच कुळातले पाखरू आपल्याकडे दिसलेच तर हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे गुलाबी फिंच. ठिपक्यांची मुनिया, लाल मुनिया, माळरानावरची पांढऱ्या कंठाची मुनिया, आणि पिंजऱ्यातले झेब्रा, गोल्डियन, बंगाली फिंच ही सगळी दुसऱ्या कुळातली. सुगरण तिसऱ्या कुळातली, चिमणी चौथ्या, भारीट पाचव्या. डार्विनमुळे जगभर गाजलेले गालापागोस बेटांवरचे फिंच तर टॅनेजर कुळातले. म्हणजे जाड चोच ही एका घराण्याची खूण नव्हे. ती वेगवेगळ्या घराण्यांनी आपापल्या वाटेने कमावली आहे. चोच सारखी म्हणून ताट सारखे, हे अनुमान इथेच लंगडे पडते. सुगरण आणि मुनिया एकाच बाभळीवर बसतात, एकाच बांधावर चरतात, पण पिलांना काय भरवायचे याबाबत त्यांचे पंथ अगदी वेगळे आहेत. ते पुढे येईलच.

आता चोचीच्या पुराव्याकडे वळू. चोचवादी मंडळी नेहमी गालापागोसचा दाखला देतात, म्हणून तिथेच जाऊ. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्याने १९७३ पासून डॅफ्ने मेजर या छोट्या बेटावर फिंचांच्या पिढ्यान् पिढ्या मोजल्या. १९७७ साली तिथे पाऊस पडला नाही. बारीक, मऊ बिया संपल्या. उरले ते एका काटेरी वेलीचे टणक फळ. ही वेल आपल्या सराट्याची सख्खी भावकी आहे. होटगीच्या माळावर अनवाणी चाललेल्या कोणालाही त्या फळाची ओळख करून द्यायला नको. मधल्या आकाराच्या भूमी-फिंचांपैकी बहुतेक त्या वर्षी मेले, आणि जगले त्यांच्यात जाड चोचीच्या पाखरांचे प्रमाण जास्त निघाले, कारण सराटा फोडणे त्यांनाच जमले. उत्क्रांती डोळ्यांदेखत घडली ती अशी.

गोष्ट इथपर्यंत सगळे सांगतात. पुढचा भाग सांगत नाहीत. पावसाळ्यात, म्हणजे सुकाळात, त्याच बेटांवरची वेगवेगळ्या चोचींची पाखरे बहुतांशी एकाच ताटात जेवतात: अळ्या, मऊ बिया, फुले, कोवळे दाणे. त्यांच्या आहारातला फरक ठळक होतो तो कोरड्या, टंचाईच्या दिवसांत. १९८२-८३ साली अतोनात पाऊस झाला तेव्हा बेटावर अळ्यांचा सुकाळ झाला आणि पाखरांनी एकामागून एक विणी काढल्या. त्यानंतर बारीक बिया मुबलक झाल्या आणि छोट्या चोचीची पाखरे पुढे सरकली. याचा अर्थ, चोच ही दुष्काळाची साक्षीदार आहे. रोजच्या जेवणाची नव्हे. १९७२ च्या दुष्काळात सोलापूरच्या माणसाने रोजगाराच्या कामावर मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढले. तेवढ्यावरून कोणी लिहून ठेवले की सोलापूरकरांचा आहार म्हणजे मिलो, तर आपण त्याला काय म्हणू? चोच बघून आहार ठरवणारा तेच करतो.

पोट फाडून पाहण्याचा पुरावा यापेक्षा भक्कम वाटतो. आपल्याकडे तो फार लवकर जमा झाला. बिहारातल्या पुसा इथल्या शेती संशोधन केंद्रातून मेसन आणि मॅक्सवेल-लेफ्रॉय यांचा भारतीय पक्ष्यांच्या अन्नावरचा ग्रंथ १९१२ साली निघाला. शेतीला कोणता पक्षी उपकारक, कोणता अपायकारक, हे जठरातला ऐवज तपासून ठरवायचे असा तो प्रयत्न. त्या काळच्या मानाने काम मोठे, यात शंका नाही. पण या पद्धतीत एक खोट आहे. टणक बी पेषणीत बराच वेळ टिकते. मऊ अळी थोड्या वेळात विरघळून जाते. सकाळी दहा अळ्या आणि दहा दाणे खाल्लेल्या पाखराचे जठर दुपारी उघडले, तर दाण्यांचीच साक्ष मिळणार. शिवाय पाखरू कोणत्या महिन्यात मारले, यावर उत्तर अवलंबून. पिकाच्या हंगामात, पिकातच मारलेल्या पाखराच्या पोटात पीक सापडले, याचे नवल कशाला करायचे?

दाण्याचा मुद्दा समजावून सांगायला सोलापूर जिल्ह्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही, कारण इथल्या माणसाला तो जिभेने ठाऊक आहे. हस्ताच्या पावसाच्या ओलीवर पेरलेली मालदांडी निसवते, कणसात चीक भरतो, मग दाणा हुरड्यात येतो, आणि शेवटी कडक होतो. हुरड्याचा दाणा आणि कणगीतली ज्वारी एकच आहे असे होटगीत कोणी म्हणणार नाही. एक शेकोटीवर भाजून, चोळून, शेंगदाण्याच्या चटणीशी खायचा. दुसरी दळून भाकरी करायची. त्यात चवीपेक्षा बरेच काही वेगळे असते. चिकातल्या आणि कोवळ्या दाण्यात पाण्याचा वाटा मोठा असतो, साखर जास्त असते, पिष्ट अजून पुरते साठलेले नसते. आणि मुख्य म्हणजे दाणा भरताना लायसिन हे अत्यावश्यक अमिनो आम्ल बाळगणारी प्रथिने आधी जमतात. लायसिनचा दुष्काळ असलेले, पचायला जड असे काफिरिन नंतर साचत जाते. कडक दाण्यात पोटभरीचा माल वाढतो, पण वाढत्या जिवाला लागणारा माल प्रमाणाने घटतो. पुढे दाण्याला मोड आला की पुन्हा सगळे बदलते. चीक, हुरडा, कडक दाणा, मोड: पाखराच्या हिशेबी ही चार वेगळी अन्ने आहेत.

ज्वारी आणि पाखरे यांचे नाते समजायला ऑस्ट्रेलियातले गोल्डियन फिंच उपयोगी पडते, आणि मला वाटते सोलापूरकराला ते आपलेसे वाटावे. पिंजऱ्यांच्या दुकानात इंद्रधनुष्यासारखे दिसणारे हे पाखरू आपल्या मूळ मुलखात, उत्तर ऑस्ट्रेलियात, कोरड्या ऋतूत मुख्यतः तिथल्या रानटी ज्वारीच्या जमिनीवर पडलेल्या बियांवर जगते. विणीचा हंगामही त्यातच येतो. मग पहिला पाऊस पडतो. आपल्या लेखी सुकाळ सुरू. त्याच्या लेखी उपासमार. कारण ओल लागताच जमिनीवरचे बी उगवते आणि नवे गवत निसवायला अवकाश असतो. आफ्रिकेतल्या क्वेलियाची कथा तीच. हे पाखरू आपल्या सुगरणीच्या कुळातले. त्याचे लाखोंचे थवे ज्वारी-बाजरीवर पडतात म्हणून तिथली सरकारे त्यावर विष फवारतात. पीटर वॉर्ड यांनी नायजेरियातला अभ्यास १९६५ साली प्रसिद्ध केला, त्यात दिसले ते असे: क्वेलियाचा मूळ आधार म्हणजे वर्षायू रानगवतांच्या बिया, आणि त्यांच्या स्थलांतराला धक्का बसतो तो पावसाने या बिया उगवून नाहीशा झाल्या की. ‘दाण्यावर जगणारे पाखरू’ म्हणायचे, पण तोच दाणा एका पावसात अन्न राहत नाही, हे विसरायचे, असे चालणार नाही.

आता होटगीच्या रानात येऊ. गावाच्या एका अंगाला तलाव, जंक्शनातून गदगकडे फुटणारा रेल्वेमार्ग, काळ्या जमिनीवरची रब्बी ज्वारी, आणि मधून मधून न नांगरलेला माळ. तलावावर रोहित पाहायला लोक दुर्बिणी घेऊन जातात. काठच्या गवतातल्या मुनियांकडे बघायला कोणी थांबत नाही. पावसाळ्याच्या उत्तरार्धात बांधावर शिप्पी, हरळी, चिमणचारा, कुंदा निसवतात. मुनियांचे घर त्या वेळी अशा गवतांवर चालते. ज्वारी तर तोवर पेरणीलाही आलेली नसते. सुगरणीचा खोपा पावसाळ्यात विणला जातो, तेव्हाही मालदांडीचे कणीस चार महिने लांब असते. मग ज्या ऋतूत पिले वाढतात त्या ऋतूत ही पाखरे ज्वारीवर जगतात, हे म्हणणे नुसत्या पंचांगावरच टिकत नाही.

पिलांचे म्हणाल, तर सुगरण आणि चिमणी पिलांना सुरुवातीला किडे भरवतात: अळ्या, नाकतोडे, मावा. चिमणीच्या पिलाला पहिल्या दिवसांत किडा मिळाला नाही तर ते जगतच नाही, आणि शहरांतून चिमणी हटण्यामागे हे एक कारण असल्याचे युरोपातल्या अभ्यासांत दिसले आहे. गच्चीवरच्या तांदळाने मोठी चिमणी तग धरते. घरट्यातले पिलू त्याने वाढत नाही. काकूंच्या दयेला माझा विरोध नाही. पण त्याच गच्चीवर कीटकनाशक न मारलेली चार कुंड्यांची झाडे ठेवली तर चिमणीला जास्त उपयोग. सुगरणीच्या वसाहतींचा सलीम अलींनी अलिबागजवळ किहीमला जो अभ्यास केला आणि १९३१ साली प्रसिद्ध केला, तो तिच्या संसाराच्या रीतीबद्दल गाजला. एका नराचे अनेक खोपे, अनेक माद्या. पिलांची भरवाभरव मुख्यतः मादीच्या गळ्यात पडते, आणि अशा एकट्या कष्टकरी आईला पावसाळ्यातले किडे हाताशी असणे किती गरजेचे, हे वेगळे सांगायला नको.

मुनियांची रीत निराळी. त्या पिलांना चोचीतून किडा आणून देत नाहीत. आपल्या गळ्याच्या पिशवीतला ओलसर, अर्धवट भिजलेला ऐवज पिलाच्या तोंडात ओततात. त्यात मुख्य वाटा कोवळ्या, चिकातल्या बियांचा. किडे कमी. मग प्रथिने कुठून येतात? एक उत्तर मलेशियातून मिळाले. मायकेल एव्हरी यांनी १९८० साली तिथल्या पांढऱ्या पाठीच्या मुनियांचा आहार प्रसिद्ध केला. भातखाचरात चरणाऱ्या या पाखरांच्या पोटात भाताबरोबर हिरवे शेवाळ निघाले, आणि ते प्रथिनांनी समृद्ध. आपल्याकडचा पिंजऱ्यातला बंगाली फिंच म्हणजे याच मुनियेची माणसाळलेली अवलाद. सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी चीनमधून जपानात गेलेली आणि तिथे घडवली गेलेली. जिच्या पूर्वजांनी शेवाळ खाल्ले, तिला आपण जन्मभर सुका राळा देतो आणि वर म्हणतो, हिचा नैसर्गिक आहार हाच. माळावरची पांढऱ्या कंठाची मुनिया तर पांगाऱ्याच्या फुलांतला मधही चाखते.

इथे शेतकरी मला अडवेल, आणि त्याने अडवावेच. भारिटांचे काय? काळ्या डोक्याचा भारीट आग्नेय युरोपापासून इराणपर्यंतच्या मुलखात वीण करतो, लाल डोक्याचा मध्य आशियात; तिथे पिलांना नाकतोडे आणि अळ्या भरवतो; आणि आपल्याकडे येतो तो हिवाळ्यात, नेमका ज्वारी भरताना. म्हणजे त्याचे उपकार त्या देशांना आणि खर्च आपल्याला. ही तक्रार खरी आहे. कोणाच्या शेतात आजूबाजूच्यांपेक्षा आधी किंवा उशिरा कणीस भरले, तर सगळा थवा त्याच्याच माथी बसतो. अशा शेतकऱ्याला पर्यावरणाचे प्रवचन देणाऱ्याने एक दिवस माळ्यावर बसून गोफण फिरवावी. माझे म्हणणे एवढेच, की भारिटाचा गुन्हा मुनियेच्या आणि सुगरणीच्या नावावर लावू नये, आणि आसपासचे गवत जाळून किंवा फवारून थवे कमी होतील असे समजू नये. क्वेलियाच्या मुलखातला धडा उलटा आहे: रानगवताचे बी संपले की पाखरू पिकावर येते. बांध तणनाशकाने पिवळे करणारा शेतकरी पाखरांसमोरचे एक ताट काढून दुसरेच पुढे करतो.

चीनमध्ये १९५८ साली चिमण्या मारल्या आणि मग टोळ माजले, हा दाखला इथे लोक हमखास देतात. मी तो देत नाही. त्यानंतरच्या दुष्काळाला कारणे पुष्कळ होती आणि बहुतेक माणसांनीच निर्माण केलेली होती. सगळा भार चिमणीच्या पाठीवर टाकणे म्हणजे आपलाच पक्ष कच्च्या पुराव्यावर उभा करणे.

आता पिंजरा. इथे मला दोन आघाड्यांवर लढावे लागते. जुनी आघाडी म्हणजे ‘राळा आणि पाणी’. तिचा निकाल साध्या हिशेबाने लागतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यांत शंभर ग्रॅम राळ्यात कॅल्शियम ३१ मिलिग्रॅम, फॉस्फरस २९०. ज्वारीत कॅल्शियम २५, फॉस्फरस २२२. म्हणजे दोन्हींत प्रमाण सुमारे एकास नऊ. अंडी घालणाऱ्या मादीला हवे ते याच्या उलट, फॉस्फरसपेक्षा कॅल्शियम जास्त. झेब्रा फिंचचे वजन बारा ते पंधरा ग्रॅम, दिवसाचे खाणे ढोबळ मानाने तीन ग्रॅम. त्यातून कॅल्शियम मिळते जेमतेम एक मिलिग्रॅम. तिचे एक अंडे साधारण एक ग्रॅमचे. त्याच्या कवचातच वीसेक मिलिग्रॅम कॅल्शियम जाते. अशी चार-पाच अंडी ती रोज एक या वेगाने घालते. एका कवचाची भरपाई व्हायला वीस दिवसांचा राळा लागतो, आणि तिच्या हातात आहे एक दिवस. उरलेले ती स्वतःच्या हाडांतून काढते. अंडे पोटात अडकून मादी मेली की पाळणारा म्हणतो, थंडी बाधली. बाधला तो राळा. इलाज स्वस्त आहे: काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारे समुद्रफेन पिंजऱ्याला अडकवून ठेवा, उकळून वाळवून कुटलेले अंड्याचे कवच द्या, आणि पिंजऱ्यावर सकाळचे कोवळे ऊन थेट येऊ द्या, काचेतून नव्हे, कारण उन्हाअभावी ड जीवनसत्त्व नाही आणि त्याविना कॅल्शियम अंगी लागत नाही. राळ्यात थोडी नाचणी मिसळली तरी फरक पडतो. तिच्यात याच तक्त्याप्रमाणे कॅल्शियम ३४४ मिलिग्रॅम आहे.

नवी आघाडी शहरी आणि उत्साही आहे. ती म्हणते, दाणा म्हणजे उपासमार. प्रत्येक फिंचला उकडलेले अंडे, किडे आणि डब्यातले तयार खाद्य हवेच. हेही चोचवादाइतकेच सरसकट. रिचर्ड झॅन यांचा झेब्रा फिंचवरचा १९९६ चा ग्रंथ या विषयात प्रमाण मानतात. मोकळ्या रानातला झेब्रा फिंच जवळजवळ सर्वस्वी गवताच्या बियांवर जगतो आणि पिलांनाही अर्धकच्च्या बियाच भरवतो, असे त्यातून दिसते. गोल्डियन फिंचबद्दल तर पाळणाऱ्यांत ठाम समज होता की विणीच्या काळात ते किडे खातात. रानातल्या पाखरांच्या गळ्याच्या पिशव्या तपासल्या तेव्हा बिया निघाल्या. त्याच जागी राहणारे दुसऱ्या जातींचे फिंच मात्र थोडे किडे खात होते. तेव्हा अंडे किंवा किडे हे चिकातल्या दाण्याला काढलेले पर्याय आहेत. विणीच्या दिवसांत थोडे द्यावेत, बारमाही नाही. मुळातला माल जिथे मिळतो तिथे पर्यायाची गरज काय? सप्टेंबर-ऑक्टोबरात होटगीच्या बांधावरून, फवारणी झालेली नाही अशी खात्री करून, कोवळ्या बियांचे गवताचे तुरे मूठभर तोडून आणावेत. पाखरे वाळल्या राळ्याचे भांडे सोडून त्यावर तुटून पडतात. हिवाळ्यात हुरड्याचे एखादे कणीस टांगावे.

मोड आणलेला राळा हाही चांगला, पण दोन पथ्ये आहेत. सोलापूरच्या उन्हाळ्यात ओले धान्य काही तासांत आंबते, बुरशी धरते. सकाळी ठेवलेले दुपारच्या आत काढून टाकावे. आणि मोड ज्वारीला आणू नयेत. कोवळी ज्वारी खाऊन गुरांना किरळ लागते हे प्रत्येक गोठेवाल्याला माहीत आहे. ते सायनाइडचे विष ज्वारीच्या कोंबातच असते. पंधरा ग्रॅमच्या जिवावर तो प्रयोग कशाला?

अन्नाचा पुरावा हवा असेल तर चोचीपेक्षा पिसे जास्त बोलतात. गुलाबी फिंचचा नर पिंजऱ्यात ठेवला की पुढच्या पीसगळतीनंतर त्याचा गुलाबी रंग परत येत नाही. फिका, पिवळट होतो. लाल रंगाला लागणारी कॅरोटिनॉइड द्रव्ये पाखरू स्वतः तयार करू शकत नाही, ती फळांतून, कळ्यांतून, हिरव्या अन्नातून यावी लागतात. दाणा भरपूर, पाणी भरपूर, वजन ठीक, आणि तरी रंग उडालेला. ‘दाण्याची पाखरे’ या सिद्धान्ताला त्या पाखराने स्वतःच्या अंगावर लिहून दिलेले हे उत्तर आहे.

मुनिया, सुगरण, भारीट, चिमणी यांपैकी कोणतेही रानचे पाखरू पकडणे, विकणे किंवा पिंजऱ्यात ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. त्यांना घरात काय खायला घालावे हा प्रश्नच उद्भवत नाही. वरचे सगळे झेब्रा, बंगाली अशा पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यात जन्मलेल्या पाखरांपुरते. रानच्या पाखरांसाठी होटगीच्या शेतकऱ्यांकडे एकच मागणे आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत: एका बाजूचा बांध तरी दिवाळीपर्यंत फवारू नका. वैरण कापायचीच असेल तर गवताचे बी झडल्यावर कापा.